'फॉरमॅट मार' म्हणण्याआधी

पीसी हँग व्हायला लागला की एकच सल्ला मिळतो - "फॉरमॅट मार!" आमच्या घरच्या पीसीवर सहा महिन्यांत तीनदा ऑपरेटिंग सिस्टीम टाकून झाली. दर वेळी अर्धा दिवस जायचा. मग ड्रायव्हर शोधा, प्रिंटर लावा, मराठी फॉन्ट टाका. तिसऱ्या वेळी दुरुस्तीवाल्याने अख्खी डिस्क साफ केली. ताईच्या लग्नाचे फोटो गेले. पंधरा दिवसांत निळी स्क्रीन पुन्हा हजर! दोष शेवटी निघाला रॅमच्या एका पट्टीत.

मग फॉरमॅटने मशीन सुधारल्यासारखं का वाटतं? हार्डडिस्कचा सेक्टर खराब झाला की तिथली फाईल वाचता येत नाही. त्या जागी पुन्हा लिहिताना डिस्क तो सेक्टर बाद करून राखीव सेक्टर वापरते. फाईल नवी, पण डिस्क तीच झिजलेली! रॅम खराब असेल तर कॉपी होतानाच फाईल बिघडू शकते, म्हणजे नवं इन्स्टॉलेशनच सदोष.

म्हणून आधी निदान, मग ऑपरेशन :

१) मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एरर आली तर रॅमच्या पट्ट्या एकेक लावून तपासा.

२) डिस्कचं 'स्मार्ट' रीडिंग बघा. 'रीअलोकेटेड सेक्टर'चा आकडा वाढत असेल तर डेटा आजच दुसरीकडे हलवा.

३) दोन्ही ठीक असेल तर व्हायरस, ड्रायव्हर तपासा. फॉरमॅट सगळ्यात शेवटी, तेही बॅकअप घेऊनच.

ताप उतरला म्हणजे आजार गेला असं डॉक्टर समजत नाही. आपण इंजिनिअरांनी तरी का समजावं?