पाड्यावरचं लग्न

वैशाख महिना होता. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून आम्हांला लग्नाचं बोलावणं आलं. घर वारली लोकांचं. नवरदेव दर साल दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला येतो. तिथली आमची ओळख.

सकाळच्या एस.टी.नं आम्ही नाशिक सोडलं. फाट्यावर उतरलो आणि तासभर पायी चाललो. आहेर म्हणून एक लुगडं बरोबर घेतलं होतं. पाड्यावर बघतो तर काय, पाहुण्या बायांच्या डोक्यावर टोपल्या! कुणाच्या टोपलीत तांदूळ, कुणाच्या उडीद, कुणाच्या नागली. ज्याच्या घरी कार्य, त्याला भाऊबंदांनी दाणे पोचवायचे. उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं की ते फिरून यायचे. कुणी वहीत मांडत नाही, पण कुणी विसरतही नाही. आमचं लुगडं आम्ही गुपचूप नवरीच्या आईच्या हातात दिलं.

घरात गेलो. भिंत गेरूनं सारवलेली. तिच्यावर तीन सवाशिणी चौक काढत होत्या. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं. बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला केलेला. चौकाच्या मधोमध पालघट देवी. ही झाडापेराची, लेकराबाळांची देवी. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. पूर्वी अशी चित्रं बायकाच काढीत, आणि तीही लग्नकार्यापुरतीच. पुढं पालघर जिल्ह्यातले जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणली. २०११ साली सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. २०१८ साली ते वारले. आता वारली चित्रं परदेशातही जातात. पण आम्हांला विचाराल, तर चुलीच्या धुरात काढलेला तो चौकच खरा.

एक म्हातारी बाई चौकापुढं बसून गाणी म्हणत होती. आम्ही विचारलं, “आजी, भटजी कधी येणार?”

आजी हसली. “भट कशाला रं? लगीन मीच लावते.”

ती धवलेरी होती. वारल्यांत लग्न लावते ती बाई. मंत्र नाहीत, पोथी नाही. गाणी तिला तोंडपाठ.

मग नवरी आली. तिच्या कडेवर दोन वर्षांची पोर. आम्ही बुचकळ्यात पडलो. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी ते ओळखलं. म्हणाले, “पोर त्यांचीच. लग्नाला पैसा नव्हता, म्हणून दोघं तशीच राहिली. जमलं तेव्हा लगीन. आमच्यात त्याला कुणी नावं ठेवीत नाही.”

आम्हांला हे बरं वाटलं. कारण कर्ज काढून लग्न करणं काय असतं, ते वारल्यांनी भोगलं आहे. पूर्वी डहाणू-उंबरगाव भागात लग्नाला सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे, आणि त्यापायी नवरा-बायकोनं त्याच्याकडे राबायचं. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. पैसे फिटत नसत. जन्म जाई. १९४५ साली किसान सभेच्या गोदावरी परुळेकर तिथं गेल्या. वारली एक झाले. लग्नगडी सुटले. गोदावरीबाईंनी ही हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे. मिळालं तर जरूर वाचा.

वारल्यांत नवऱ्याकडून मुलीच्या बापाला देज देतात. हुंड्याच्या उलट. अशी चाल दूरदेशीही आहे. आफ्रिकेत नायजेरिया देश आहे. तिथल्या योरुबा लोकांत नवरदेव दोस्तांना घेऊन मुलीच्या आईबापापुढं लोटांगण घालतो. देजही देतो. पण पुष्कळ घरी मुलीकडचे ते पैसे परत करतात. म्हणतात, आम्ही मुलगी विकत नाही. त्यांचे पाहुणे एकाच कापडाचे कपडे शिवून येतात, आणि नाचणाऱ्या नवरा-नवरीच्या कपाळाला नोटा लावतात. आपल्या ओवाळणीसारखंच म्हणा ना!

संध्याकाळी अंगणात कुरबुर ऐकू आली. नवरदेवाच्या धाकट्या भावाला डीजे हवा होता. एक ठेकेदार उचल द्यायला तयार होता. अट एवढीच, की फिटेपर्यंत दोघा भावांनी त्याच्याच कामावर राहायचं, दुसरीकडं जायचं नाही. पोरगा म्हणाला, “आयुष्यात एकदाच लगीन होतं.”

म्हातारे बाबा उठले. “माझा आजा लग्नगडी होता,” म्हणाले. “डीजे एक रात वाजतो. आजा मरेपर्यंत राबला.”

आम्ही पाहुणे. बोलावं की नाही? पण राहवलं नाही. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद झाली आहे. कर्जापायी माणसाला बांधून घेणं हा गुन्हा आहे. असं कुणी केलं तर तहसीलदाराकडे किंवा कलेक्टरकडे तक्रार करता येते. हे आम्ही सांगितलं. पोरगा गप्प झाला. थोडा रुसलाही.

डीजे आला नाही. संबळ आणि पिपाणी आली. रात्रभर नाच झाला. रुसलेला भाऊच सगळ्यांत पुढं! पळसाच्या पानावर भात आणि उडदाचं वरण जेवलो. पोर आजीच्या मांडीवर केव्हाच झोपली होती.

दोन दिवसांनी नवरा-नवरी लग्नाची नोंद करायला ग्रामसेवकाकडे गेली. साक्षीदारांत आम्हीही होतो. नवरीनं अंगठा दिला नाही. सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली. मग तिच्याखाली आम्ही आमची केली.