सागरजलातील किरणोत्सर्गी द्रव्यांचा ऱ्हास

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यानजीक प्रचंड भूकंप झाला. त्यापाठोपाठ आलेल्या त्सुनामी लाटांमुळे फुकुशिमा दाइ-इची या अणुवीज केंद्रातील शीतन-व्यवस्था निकामी झाली आणि पुढील काही आठवड्यांत किरणोत्सर्गी द्रव्ये, काही हवेवाटे व काही गळतीच्या पाण्यावाटे, समुद्रात उतरली. ६ एप्रिल रोजी केंद्राच्या निःसारण-मुखाशी दर घनमीटर पाण्यात सीझियम-१३७ चे प्रमाण सुमारे ६ कोटी ८० लक्ष बेकेरेल आढळले. दर सेकंदास एका अणुकेंद्राचे विघटन म्हणजे एक बेकेरेल होय. अपघातापूर्वी तेथे हे प्रमाण अवघे एक-दोन बेकेरेल होते, आणि तेही मुख्यतः विसाव्या शतकातील अणुबाँब-चाचण्यांचा अवशेष म्हणून. मासेमारी बंद पडली. समुद्र पुन्हा केव्हा निवळेल, हा त्या किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या चरितार्थाचाच प्रश्न होता.

याचे उत्तर केवळ अर्धायुष्याच्या कोष्टकात सापडत नाही. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे. ऐंशी दिवसांत त्याचा जेमतेम सहस्रांश उरतो, म्हणून त्याची चिंता लवकर मिटली. सीझियम-१३४ चे अर्धायुष्य सुमारे दोन वर्षे, तर सीझियम-१३७ चे तीस वर्षे आहे. अपघाताच्या वेळी ही दोन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणात बाहेर पडली. दहा वर्षांनंतर पहिल्याचा तिसावा हिस्सा, तर दुसऱ्याचे चार-पंचमांश शिल्लक होते. बाँब-चाचण्यांच्या जुन्या अवशेषांत सीझियम-१३४ नसते. त्यामुळे पाण्यात ते सापडले की, हे सीझियम फुकुशिमाचेच, असे ओळखता येई.

निव्वळ विघटनाने सीझियम-१३७ एका महिन्यात हजारात दोन भाग इतकेच घटते. प्रत्यक्षात मुख्य गळती बुजवल्यानंतरच्या महिन्याभरात किनाऱ्याजवळचे प्रमाण सुमारे हजार पटींनी उतरले. हे कार्य विघटनाचे नव्हे, समुद्राचे. भरती-ओहोटी, वारा आणि कुरोशिओसारखा प्रबळ प्रवाह यांनी दूषित पाणी पॅसिफिक महासागरात दूरवर पसरवले. सीझियम नष्ट झाले नाही, विरळ झाले. हा भेद विसरता कामा नये.

यानंतर मात्र उतार मंदावला. पाण्यातील सीझियम पूर्वीच्या पातळीवर लवकर येईना, कारण त्याला नवा पुरवठा होत होता. केंद्राच्या आवारातील भूजल झिरपत होते, नद्या डोंगरावरील दूषित माती आणीत होत्या आणि सागरतळाच्या गाळात बसलेले सीझियम वादळांमुळे व तळाशी बिळे करणाऱ्या प्राण्यांमुळे ढवळले जात होते. वाळूचा प्रकार तर अनपेक्षितच म्हणावा लागेल. केंद्रापासून शंभर किलोमीटरपर्यंतच्या आठ वाळवंटी किनाऱ्यांखालील पाण्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मचूळ भूजलात केंद्राच्या बंदरातील पाण्याहूनही अधिक सीझियम आढळले. २०११ मध्ये लाटांनी ते वाळूत लोटले होते. गोड्या पाण्याच्या सान्निध्यात सीझियम कणांना घट्ट चिकटते. खारे पाणी पोचताच त्यातील इतर क्षारांचे आयन त्याची जागा घेतात आणि ते सुटे होते. अशा रीतीने वाळू ही एक कोठी बनली. हे पाणी कोणी पीत नसल्यामुळे लोकांना त्याचा धोका मानला गेला नाही.

माशांच्या बाबतीत हाच फरक दिसून आला. एप्रिल २०१२ पासून जपानने सर्वसाधारण अन्नासाठी किलोग्रॅमला १०० बेकेरेल ही मर्यादा ठरवली. त्याच वर्षी जूनमध्ये सुरू झालेली प्रायोगिक मासेमारी अष्टपाद व शंखवर्गीय प्राण्यांपुरती होती, कारण त्यांच्या शरीरातून सीझियम लवकर निघून जाते. तळालगत राहणाऱ्या माशांना बराच अधिक काळ लागला. फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे जवळजवळ दहा वर्षांनी, पकडलेल्या ‘कुरोसोई’ जातीच्या एका माशात किलोग्रॅममागे ५०० बेकेरेल सीझियम निघाले, आणि त्या जातीची विक्री पुन्हा थांबवावी लागली.