नागरिकशास्त्र पाठ : संसद, न्यायालय आणि मुलांचा शिक्षणहक्क

हेतू : कायदा करणारी संसद व त्याची पारख करणारे न्यायालय यांच्यातील अधिकारांची वाटणी मुलांस शाळेच्याच उदाहरणाने समजावून देणे.

विषयप्रवेश : ‘तुला शाळेत घेणार नाही, असे कोणी म्हणू शकेल काय?’ असे वर्गास विचारावे. मुले ‘नाही’ म्हणतील. ‘का नाही?’ या प्रश्नाने पाठास आरंभ करावा.

विवेचन : राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. चौदा वर्षांखालील सर्व मुलांस दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे तिच्या ४५ व्या कलमात सांगितले होते. परंतु हे मार्गदर्शक तत्त्व होते. त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नव्हती. मुदत टळली, तरी कित्येक मुले शाळेबाहेरच राहिली.

१९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, २१ व्या कलमातील जीविताच्या हक्कातच चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क अंतर्भूत आहे. न्यायालय हक्क सांगू शकते. पण कायदा करणे व पैसा मंजूर करणे हे त्याचे काम नव्हे. ते लोकप्रतिनिधींचे. संसदेने २००२ मध्ये ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा हा हक्क मूलभूत हक्कांत घातला. पुढे २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

त्या कायद्याने खासगी शाळांतही दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. त्यास आव्हान दिले गेले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. मात्र विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा त्यातून वगळल्या, कारण घटनेने त्यांस वेगळे संरक्षण दिले आहे. २०२४ मध्ये आपल्या राज्य शासनाने नियम बदलून, जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेस या जबाबदारीतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल त्याच वर्षी रद्द केला. येथे न्यायालयाने संसदेच्या कायद्याचेच रक्षण केले.

सार : संसद व न्यायालय यांपैकी कोणीही सर्वश्रेष्ठ नाही, दोघांवरही घटनेचे बंधन आहे.

प्रश्न : (१) १९९३ च्या निर्णयानंतरही कायद्याची गरज का भासली? (२) न्यायालय कायद्यातील एखादा भाग केव्हा बाजूस सारते?

शिक्षकांस सूचना : गावातील एखादे मूल अद्याप पटावर नसेल, तर हा पाठ अपुराच राहिला असे समजावे व त्या मुलाच्या घरी अवश्य जावे.