वीज गेल्यावर लागणारा दिवा

वऱ्हाडात वळवाचा पाऊस पाण्याआधी वारा घेऊन येतो, आणि वाऱ्याबरोबर प्रथम जाते ती वीज. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील आमच्या वाचकांस हे सांगावयास नको. सन २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनामुळे खेड्यांत बारा बारा तास वीज नसे. ते दिवस गेले खरे. तथापि तार तुटली किंवा रोहित्र जळले म्हणजे आजही रात्र अंधारात काढावी लागते. पूर्वी अशा वेळी चिमणी पेटवीत. आता शिधापत्रिकेवर घासलेट पूर्वीसारखे मिळत नाही, आणि गवती छपराखाली चिमणी ही केव्हाही धोक्याचीच. म्हणून बॅटरीवर चालणारा दिवा घरी कसा बसवावा ह्याचा विचार आज करू.

प्रथम आमच्याच घरची गोष्ट. तयार मिळणारा एक दिवा आम्ही बाजारातून आणून खिळ्याला टांगला व निश्चिंत झालो. अकरा महिन्यांनी, जूनमध्ये, एका रात्री वादळ झाले. शेजारच्या लेकरास ताप भरला होता. त्याची आई त्यास घेऊन आमच्याकडे आली. दिवा लावला, तो दहा मिनिटांत मंदावून विझला. घाईने चिमणी लावली, ती कोणाच्या तरी पदराने उलटली व गोधडीने पेट घेतला. ओले पोते हाताशी होते म्हणून निभावले. दिव्यास दोष कसा द्यावा? अकरा महिन्यांत आम्ही त्यास एकदाही भरले नव्हते. शिशाची बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू रिकामी होते, आणि रिकामी राहिली म्हणजे तिच्या पट्ट्यांवर पांढरा क्षार घट्ट बसतो; मग ती वीज घेईनाशी होते.

शिसे व गंधकाम्ल ह्यांची ही बॅटरी फ्रान्स देशच्या गास्तों प्लांते ह्यांनी सन १८५९ मध्ये केली. तिच्यावर चालणारा एलईडी दिवा मात्र अलीकडचा. निळा प्रकाश देणारा एलईडी साधल्यावरच पांढरा एलईडी शक्य झाला, आणि त्या कामाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्या जपानात जन्मलेल्या तिघांस सन २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपणांस त्याचा उपयोग किती, तो हिशेबावरून दिसेल.

बंद पेटीची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-तास. ती सगळी उपसू नये. निम्मीच वापरली तर पुष्कळ दिवस टिकते. तेव्हा हाती राहिले ४२. तीन तीन वॉटचे दोन एलईडी लावले तर खर्च ताशी ६, म्हणजे सात तास उजेड, जवळजवळ सारी रात्र. ह्याच बॅटरीवर जुन्या तारेचा ६० वॉटचा दिवा लावला असता तर पाऊण तासही पुरता मिळाला नसता.

दिवे १२ व्होल्ट डी.सी. असे लिहिलेलेच घ्यावेत. घरातील २३० व्होल्टचा दिवा येथे चालत नाही. लाल तार धन टोकास, काळी ऋण टोकास. धन टोकाच्या अगदी जवळ २ अँपिअरचा फ्यूज घालावा, हे विसरू नये. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात. परंतु फ्यूज नसता दोन तारा एकमेकींस लागल्या तर त्या लाल होऊन घर पेटवू शकतात. भरण्याचे यंत्र शिशाच्या बंद बॅटरीसाठीच केलेले, भरल्यावर सुमारे १३.६ व्होल्टवर स्थिर राहणारे असावे. लिथियम बॅटरी घेतली तर तिचे यंत्र निराळे. एकाचे दुसऱ्यास लावू नये. २३० व्होल्टच्या जोडणीस मात्र जाणत्या तारतंत्र्यासच हात लावू द्या.

आता आपल्या मुलुखाच्या दोन अडचणी. एक ऊन. अकोल्यास पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उष्णता आठ-दहा अंशांनी वाढली की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्मे होते. म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर ती ठेवू नये. मातीच्या भिंतीचा थंड कोनाडा उत्तम. पण जमिनीवरही नको. सन २०२१ च्या जुलैत मोर्णेचे पाणी अकोल्यात घरांत शिरले, ते ध्यानात असावे. दुसरी अडचण पाण्याची. कित्येकजण ट्रॅक्टरची जुनी, उघड्या बुचांची बॅटरी वापरतात व पाणी कमी झाले की विहिरीचे ओततात. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यातील पाणी तर तिला विषच! ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. अशी बॅटरी भरताना पेट घेणारा वायू सुटतो, म्हणून ती चुलीजवळ कधीही नको.

दिवे कोठे लावावे? बैठकीत शोभेसाठी नव्हे. एक चुलीपाशी व एक झोपण्याच्या जागेपासून दाराकडे जाणाऱ्या वाटेवर. आणि त्याचे बटण निजल्या जागेवरून हातास लागले पाहिजे. मण्यार रात्रीच हिंडते व भुईवर निजलेल्यांस चावते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. उजेड केल्यावाचून पाय खाली ठेवू नये, हे लेकरांस शिकवावे.

महिन्याच्या पहिल्या दिवशी भरण्याचे यंत्र बंद करून दिवे एक तास लावून पाहावे, मग बॅटरी पुन्हा पुरती भरावी. तारीख कोनाड्याच्या भिंतीवर कोळशाने लिहावी. आमच्याकडे आता तसेच करतात, आणि हे काम धाकट्या मुलीकडे आहे, कारण ती विसरत नाही.

बॅटरी चार-दोन वर्षांनी मरेल. तेव्हा ती फोडून शिसे काढण्याचा मोह होतो. मासे धरणाऱ्या जाळ्यास गोळ्या हव्या असतात, हे आम्ही जाणतो. परंतु त्या शिशाची वाफ व धूळ मुलांच्या मेंदूस घात करते. सन २००१ च्या व पुढे सन २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था ठरविली आहे. जुनी दुकानदारास द्यावी, आणि नवी घेताना तिची किंमत वळती करून मागावी.