सार्डिन रन : मासळीची वारी आणि ती बघायला जाणाऱ्या होड्या



1 जून ते 31 जुलै आपल्या होड्या बंदीमुळे किनाऱ्यावर असतात. साधारण त्याच दिवसांत, मे ते जुलै, दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने सार्डिनची प्रचंड मांदियाळी वर सरकते. आपल्या तारल्यांचीच ही भावंडं. थवा कधी 7 किमी लांब, दीड किमी रुंद आणि 30 मीटर खोल. हे बघायला जगभरातून डायव्हर येतात. यातून आपण काय घ्यायचं, ते आज पाहू.

मासळी का येते?
या सार्डिनला थंड पाणी लागतं, साधारण 21 अंशांच्या खालचं. हिवाळ्यात किनारा आणि बाहेरचा गरम अगुल्हास प्रवाह यांच्यामध्ये थंड पाण्याचा पट्टा तयार होतो. त्यातून मासळी क्वाझुलू-नाताळपर्यंत पोचते. 2021 च्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं, की ही मासळी मुख्यतः अटलांटिककडच्या थंड पाण्यातली आहे. थंडाव्यामागे येते आणि शेवटी गरम पाण्यात अडकते.

बघतात कसं?
पोर्ट सेंट जॉन्ससारख्या ठिकाणांहून रबरी होड्या फुटणाऱ्या लाटा कापून बाहेर पडतात. वरून छोटं विमान रेडिओवर जागा सांगतं. तांडेलची नजर मात्र पक्ष्यांवर! गॅनेट पक्षी सूर मारायला लागले, की खाली खेळ सुरू झाला समजायचं. डॉल्फिन मासळीला खालून वर रेटतात आणि तिचा 10-20 मीटरचा गोळा होतो. मग मुशी, सील, देवमासे तुटून पडतात. दहा-एक मिनिटांत सगळं साफ! टाकी चढवेपर्यंत गोळा संपतो, म्हणून बरेचजण नुसता स्नॉर्कल लावून उतरतात.

धोका कुठे?
गोळ्याच्या आत शिरायचं नाही, हा पहिला नियम. 2019 मध्ये पोर्ट एलिझाबेथजवळ असाच गोळा टिपणारा एक डायव्हर ब्राइड्स देवमाशाच्या जबड्यात सापडला. माशाने लगेच सोडलं म्हणून तो बचावला. होडी बाजूला ठेवायची, माणूस पाण्यात असताना पंखा फिरता कामा नये, आणि उतरलेली डोकी सतत मोजायची.

आपल्यासाठी धडे
1. तिथेही किनाऱ्यावर आपल्या रापणीसारखी जाळी ओढतात. मासळी एकच, कोणी ती विकून कमावतो, कोणी दाखवून.
2. मुशींपासून पोहणाऱ्यांना वाचवायला तिथे समुद्रात जाळी असतात. सार्डिन येण्याआधी ती काढतात, नाहीतर डॉल्फिन, मुशी त्यात अडकून मरतात. मोसम बघून जाळं उचलणं हीसुद्धा कमाईची राखण आहे.
3. दरवर्षी मासळी येईलच असं नाही. 2003 साली ती आलीच नाही. आपल्या तारल्यांचंही तेच, कधी होडी भरून, कधी टोपलीभरही नाही. म्हणून फक्त पर्यटनावर कर्ज काढून होडी घेऊ नका.
4. ग्रँड आयलंड असो की मालवण, पाहुणे नेणाऱ्या होडीला परवाना, लाइफ जॅकेट आणि विमा हवाच. मासळीची होडी तशीच पाहुण्यांना वापरू नये.

पक्षी, पाण्याचा रंग, वारा बघून मासळी ओळखणं ही आपल्या तांडेलांची विद्या. तिकडे त्याच नजरेला पाहुणे पैसे मोजतात. घरातल्या पोरांना ती शिकवा, हिशेबाच्या वहीइतकीच जपा.

तुमच्या गावात तारल्यांची चाहूल कशावरून ओळखतात? खाली जरूर लिहा.