लेकराच्या चालीने

शास्त्रपाठ : उत्पत्ती ३३:१२-१७, अनुवाद २४:५, १ शमुवेल २:१८-१९
पाठाचा हेतू : लष्करात नोकरी करणाऱ्या तरुण कुटुंबात बाळाचे पहिले वर्ष कसे जाते हे समजून घेणे, आणि अशा घराला मंडळीचा खरा आधार कोणता हे ठरवणे.

परेडच्या मैदानावर ‘तेज चल’ असा हुकूम झाला की जवान मिनिटाला १२० पावले टाकतो. काही पलटणींची चाल याहूनही जलद असते. बेळगावच्या कॅम्पात ज्यांचे बालपण गेले, त्यांना बुटांचा तो एकसुरी आवाज डोळे मिटूनही ओळखू येतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून या शहरात आहे आणि कितीतरी घरांची सकाळ त्या आवाजानेच होते.

आता तोच जवान संध्याकाळी पाहा. दोन महिन्यांचे बाळ खांद्याशी धरून तो क्वार्टरच्या समोरच्या रस्त्याने निघाला आहे. चार पावले टाकतो, थांबतो, टोपरे सारखे करतो. बाळाने डोळे मिटले तर आणखी हळू चालतो. सकाळी त्याची पावले सुभेदारसाहेबांच्या हुकुमावर पडत होती; आता हुकूम बाळाचा आहे!

आजच्या पाठात या दोन चालींचा विचार करावयाचा आहे.

१. चारशे माणसे आणि कोवळी मुले

वीस वर्षांनी याकोब व एसाव भेटले, ही गोष्ट आपल्या रविवारच्या शाळेतील मुलांना चांगली ठाऊक असते. परंतु भेटीनंतरचा भाग आपण बहुधा गाळतो. एसावाबरोबर चारशे माणसे होती. म्हणजे ती एक पलटणच म्हणा ना! चला, बरोबरच निघू, असे एसाव प्रेमाने म्हणाला. याकोबाने नम्रपणे नकार दिला. त्याचे कारण असे की त्याची मुले कोवळी होती आणि कळपात दूध पाजणारी जनावरे होती. एक दिवस जरी त्यांना जोराने हाकले असते, तरी हानी झाली असती. तुम्ही पुढे व्हा, मी या मुलांना झेपेल त्या चालीने मागून येतो, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

पुढे याकोब सेईरास गेलाच नाही. तो सुक्कोथ येथे राहिला. त्याच्या वागण्यातील हा दोष आपण झाकू नये. परंतु लहान मूल बरोबर असताना प्रवासाची गती कोणी ठरवावी, याविषयी तो जे बोलला ते अगदी खरे आहे. जो बलवान आहे त्याने आपली चाल कमी करावी. दुबळ्याला ओढत नेऊ नये.

२. पहिले वर्ष

नियमशास्त्रात एक फार कोवळी आज्ञा आहे. नुकतेच लग्न झालेल्या पुरुषाला एक वर्ष लढाईवर पाठवू नये. त्याने घरी राहावे व पत्नीला सुखी करावे. युद्धाच्या नियमांमध्ये घरच्या सुखाची इतकी काळजी घेतलेली पाहून आश्चर्य वाटते.

आजच्या सेनेला असे एक वर्ष देता येत नाही. तरी रजेची सोय आहे. जवानाला व जेसीओला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. बाळाच्या जन्माच्या वेळी पित्यासाठी १५ दिवसांची रजाही आहे. परंतु रजा हा हक्क नव्हे. सीमेवर निकड असली तर ती पुढे ढकलली जाते. नेमणूक शांततेच्या ठिकाणी असेल आणि क्वार्टर मिळाले असेल, तर कुटुंब एकत्र राहते. फील्डला बदली झाली की बायको-मूल गावी जाते, नाही तर अशा कुटुंबांसाठी राखलेल्या क्वार्टरमध्ये राहते.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळी अशी फौजी परंपरेची गावे आहेत. तेथे सून एकटी पडली तरी शेजारच्या चार घरांना तिचे दुःख सांगावे लागत नाही; त्यांनी ते भोगलेले असते. परंतु दूरच्या छावणीत विशी-बाविशीची मुलगी असते, भाषा परकी असते, आई दीड दिवसाच्या प्रवासावर असते आणि बाळ रात्रभर रडते. अशा वेळी ती कोणाला विचारणार? कित्येक बाळंतिणींना या काळात विनाकारण रडू येते, झोप लागत नाही, बाळाकडे पाहावेसेही वाटत नाही. याला आपण ‘नाटक’ किंवा ‘विश्वासाची उणीव’ म्हणू नये. हे दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकले तर तो आजार असू शकतो, आणि डॉक्टरांनी त्यावर उपचार करता येतात.

३. उंबरठ्याबाहेर

आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला घराबाहेर काढत नाहीत. त्यानंतरची पहिली फेरी बहुधा देवळाची, चर्चची किंवा लशीच्या रांगेची असते! जन्मानंतरच्या लशी इस्पितळातच होतात. मग दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या लशी असतात, आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची. बदलीच्या नोकरीत हे वेळापत्रक मोडण्याचा संभव फार असतो. म्हणून अनुभवी फौजी आया एक गोष्ट सांगतात : लशींचे कार्ड काळ्या पेटीत भरू नये, हातातल्या पिशवीत ठेवावे. पेट्या मालगाडीने महिन्याने येतात. बाळाची लस तोवर थांबत नाही. कार्ड जवळ असले की नव्या गावच्या सरकारी दवाखान्यात राहिलेला डोस घेता येतो.

लशीखेरीजही बाळाला व आईला बाहेर नेले पाहिजे. चार भिंतींत कोंडलेल्या आईला पाऊण तासाची फेरी औषधासारखी लागू पडते. आणि ज्या पित्याला वर्षातले मोजकेच महिने घरी मिळतात, त्याला बाळाची ओळख याच फेऱ्यांत होते.

बेळगावसारख्या ठिकाणी आरंभ कॅम्पातील झाडांच्या सावलीच्या रस्त्यांनी करावा. पुढच्या महिन्यात किल्ल्यात जावे. तेराव्या शतकाच्या आरंभी बांधलेली कमलबस्ती तेथे आहे. तिच्या छतातील दगडी कमळ आईबाबांनी पाहावे आणि बाळाने गार दगडाच्या सावलीत खुशाल झोपावे. गोकाकचा धबधबा सुमारे १७० फूट उंचीवरून कोसळतो. तो पाहण्याचा मोह पावसाळ्यात होतो. परंतु ओले खडक, गर्दी आणि वारा यांत तान्ह्या बाळाचे काम नाही. पाऊस ओसरल्यावर जावे. गोव्याचा समुद्र तर पुढल्या वर्षीही तेथेच असेल.

फेरीचे चार साधे नियम शिक्षकांनी फळ्यावर लिहावेत :

• सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचे दूधच पुरे. उन्हात निघालो म्हणून त्याला वरचे पाणी पाजू नये. आईने मात्र पाणी भरपूर प्यावे.
• बाळाला सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर न्यावे, आणि बंद मोटारीत एक क्षणही एकटे ठेवू नये.
• मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बाळाला धरून बसू नये. फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे चार वर्षांखालील मुलाला सुरक्षा-पट्टा लागतो, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेटही लागते, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. मान न धरलेल्या बाळासाठी रिक्षा किंवा बस बरी.
• बाळ कंटाळले की परत फिरावे. अर्ध्या वाटेवरून परतलो म्हणजे सहल फुकट गेली असे नव्हे.

शेवटचा नियम पाळणे सर्वांत कठीण जाते. रजेचे दिवस मोजके असतात. त्या दिवसांत गाव, सासर, मावशी, जत्रा आणि समुद्र हे सगळे उरकावे असे पित्याला वाटते. यादी एसावाच्या पलटणीसारखी पुढे धावते आणि बाळ तापाने फणफणते. यादी अर्धी करावी, हेच शहाणपण.

४. बाबा अनोळखी होतात तेव्हा

आता एका घरचा प्रसंग पाहू. असा प्रसंग पुष्कळ फौजी घरांत घडतो.

बाळ दोन महिन्यांचे असताना नाईक फील्डला गेला. सात महिन्यांनी रजेवर आला. दारातच होल्डॉल टाकला आणि दोन्ही हात पुढे केले. बाळाने त्याच्या मिशांकडे पाहिले, ओठ काढला आणि किंकाळी फोडून आईच्या मानेला मिठी मारली. नाईक हसला. “वा रे वा, बापालाच घाबरतोस?” असे म्हणाला, मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला. पिशवीत त्याने बाळासाठी कॅन्टीनमधून घेतलेले झबले होते. तेही तोकडे झाले. त्याने मनात दोन महिन्यांच्या बाळाचे माप धरले होते.

बायको रडवेली झाली. शेजारच्या काकू, ज्यांनी असे तीन संसार पाहिले होते, त्या म्हणाल्या, “अहो भाऊजी, वाईट वाटून घेऊ नका. पोर माणसं ओळखायला लागलंय. हे चांगलं लक्षण आहे. दोन दिवस त्याला उचलू नका. नुसते खाली बसा.”

काकूंचे म्हणणे अगदी खरे होते. साधारण सात-आठ महिन्यांपासून मूल आपली माणसे आणि परकी माणसे यांत भेद करू लागते. त्या वयातील ते रडणे पित्याचा अव्हेर नव्हे. ज्यांनी रोज सांभाळले त्यांच्याशी मुलाचे नाते घट्ट बसल्याची ती खूण आहे. जबरदस्तीने उचलले तर भीती वाढते. आई जवळ असताना पिता जमिनीवर बसला, वाटी-चमचा वाजवू लागला, बाळाकडे रोखून न पाहता त्याच्या शेजारी राहिला, तर बाळ आपण होऊन येते. नाईकाच्या घरी तिसऱ्या दिवशी ते रांगत आले आणि त्याने बुटाची नाडी ओढली. नाईक जागचा हलला नाही. शिपाई गडी, पण त्या दिवशी तो श्वासही जपून घेत होता.

येथे हन्नेची आठवण होते. शमुवेल शिलो येथे राहत होता आणि ती दरवर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा करून नेत असे. वर्षभरात मुलगा किती वाढला असेल, याचा अंदाज तिला दूर राहून करावा लागला असेल. एखाद्या वर्षी तो तोकडाही झाला असेल, कोणास ठाऊक. परंतु तिने झगा करणे सोडले नाही. पित्यानेही सोडू नये. रोज शक्य नसले तरी ठरल्या वेळी फोनवर तेच नाव, तीच हाक बाळाच्या कानी पडू द्यावी. आईने घरात बाबांचा फोटो बाळाच्या नजरेसमोर ठेवावा. आणि पुढच्या वेळी झबले घेताना आधी माप विचारावे!

५. मंडळीचे काम

अशा कुटुंबाला आपण बहुधा दोन गोष्टी देतो : पुलपिटावरून प्रार्थना आणि जवानाच्या त्यागाची स्तुती. दोन्ही योग्य आहेत. परंतु रात्री अकराला बाळाला ताप आला तर त्या मुलीजवळ कोणाच्या घरचा फोन नंबर आहे? लशीच्या दिवशी तिच्याबरोबर रांगेत कोण उभे राहते? बाळ रडले म्हणून उपासनेतून ती उठून गेली, तर तिच्यामागे कोणी बाहेर जाते, की आपण मागे वळून नुसते पाहतो?

बाळाचा बाप्तिस्मा किंवा समर्पण-विधी पित्याच्या रजेप्रमाणे ठरवावा. रजा लांबली तर तारीखही लांबवावी. छापील कार्यक्रमपत्रिकेसाठी बापाची जागा रिकामी ठेवू नये. आणि पिता घरी आला की पहिल्या आठवड्यात भेटीगाठींची व जेवणांची आमंत्रणे देऊ नयेत. तो आठवडा बाळाचा आहे. आपले प्रेमसुद्धा कधीकधी चारशे माणसांसारखे धडधडत येते.

कोणाच्या हातात बंदूक, कोणाच्या हातात खडू, कोणाच्या हातात पोळपाट-लाटणे. तान्हे मूल जवळ आले की प्रत्येकाने आपली चाल कमी करावयाची आहे. मुले थोड्याच वर्षांत आपल्यापुढे धावू लागतील. तोवर त्यांच्या चालीने चालण्यात आपली काही हानी होत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. याकोबाने एसावाबरोबर निघण्यास कोणते कारण सांगितले? आपल्या घरात दुबळ्यांची गती कोण ठरवते?
२. आपल्या मंडळीत पिता दूर असलेली घरे किती आहेत? त्यांतील लहान मुलांची नावे आपल्याला ठाऊक आहेत काय?
३. परगावाहून आलेल्या एकट्या आईसाठी या आठवड्यात आपल्याला करता येईल असे एक काम ठरवा, आणि पुढील रविवारी ते झाले की नाही हे सांगा.