पासवर्ड : शिष्यवृत्तीची किल्ली

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक विद्यार्थी महाडीबीटीचा शिष्यवृत्ती अर्ज नेट कॅफेत भरतात व पासवर्ड तेथेच ठेवून येतात. हे धोक्याचे आहे. २००५ साली पुण्यातील एका कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांनी अमेरिकन बँक ग्राहकांकडूनच पिन मिळवून सुमारे ३.५ लाख डॉलर लांबवल्याचे पोलीस तपासात उघड झाले.

म्हणून आपण काही नियम पाळू या. नाव, जन्मतारीख, मोबाईल नंबर पासवर्डात नको. असंबद्ध चार शब्द जोडावेत. लांब पासवर्ड ओळखणे अवघड. बँक, कार्यालय, शिष्यवृत्ती यांचे पासवर्ड वेगळे असावेत. वहीत लिहिल्यास वही घरी कुलपात ठेवावी. कार्यालयात टेबलावर चिठ्ठी चिकटवू नये. ओटीपी कोणालाही सांगू नये. पैशाची फसवणूक झाल्यास १९३० क्रमांकावर तत्काळ कळवावे.